आनंदाच्या बदल्यात

बदलापुरात बेलवलीच्या मैदानासमोर काशीताईची चहाची टपरी आहे. दर रविवारी सकाळी तिथे उगवती क्रीडा मंडळाची माणसं जमतात, आणि त्यांच्यात सगळ्यात आधी येऊन बसतो तो भगवंत साळवी. चौसष्ट वर्षांचा माणूस. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून तो पाय बाकाबाहेर लांब सोडून बसायची त्याची सवय. एके काळी मंडळाच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा, मग गुणलेखक, मग चोवीस वर्षं सचिव, आणि आता काहीच नाही. बायको कुंदा विचारायची, "अहो, तुमची ही उगवती मावळणार तरी कधी?" त्यावर तो म्हणायचा, "मी मावळलो की." अलीकडे एवढं उत्तर द्यायचाही त्याला कंटाळा यायचा.

त्या जानेवारीत टपरीवर एकच विषय होता. मंडळाने आपला सगळ्यात चांगला चढाईपटू, सोनू, कल्याणच्या एका संघाला दिला होता आणि बदल्यात विनीत नावाचा कोपरारक्षक घेतला होता. कागदावर अशी अदलाबदल नसते. कागदावर फक्त ना-हरकत दाखला असतो. खेळाडू मागतो, मंडळ सही करतं, खेळाडू मोकळा. पण ज्या आठवड्यात सोनू गेला त्याच आठवड्यात विनीत आला, हे न कळण्याइतकं दुधखुळं टपरीवर कोणी नव्हतं.

"एका सामन्याला सरासरी नऊ गुण आणणारा पोरगा," अनीश म्हणाला. अनीश पंचविशीचा, बदलापुरातच वाढलेला. प्रत्येक सामन्याची आकडेवारी तो मोबाईलमध्ये ठेवायचा. "आणि घेतलं काय, तर पकड करणारा. पकडीवर मॅच जिंकतं का कोण?"

"पकडीवरच जिंकतात," प्रधानसाहेब म्हणाले. "चढाईला टाळ्या मिळतात."

शशिकांत प्रधान अंबरनाथच्या एका रंगांच्या कंपनीत कामगार-अधिकारी होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, कंपनीही बंद पडली, पण बोलताना समोर युनियनवाला बसल्यासारखं बोट उगारायची खोड गेली नव्हती. "आपण अंबरनाथला असताना सलग तीन वर्षं जिल्ह्याच्या फायनलला गेलो. कोणाच्या जिवावर? कोपऱ्यांच्या."

"तो अंबरनाथचा संघ होता साहेब. हा बदलापूरचा आहे."

झालं. सोनू बाजूला राहिला आणि दुसरा वाद सुरू झाला. हा वाद भगवंतने शंभरदा तरी ऐकला असेल. उगवती सुरू झाली उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, पंचाहत्तर साली. त्र्याण्णवला ती अंबरनाथला गेली आणि दोन हजार बाराला बदलापूरला आली. दर वेळी खेळाडूंच्या पिशव्या आणि चषकांचं कपाट टेम्पोत चढलं, पण बघणारी माणसं तेवढी मागे राहिली. यंदा सुवर्णमहोत्सव होता, मैदानावर तसा मोठा फलक लागला होता, आणि त्यावरून कॅम्प चारच्या जुन्या लोकांनी निरोप धाडला होता, की तुम्ही बारा साली जन्मलात, पन्नास वर्षं कसली मोजता?

"त्यांचंही चूक नाही," अनीश म्हणाला. "त्यांचा संघ उचलून नेला आपण."

"संघ मैदानाचा असतो का माणसांचा?" प्रधानसाहेब म्हणाले. "काय भगवंतराव?"

सगळे भगवंतकडे बघायला लागले. नेहमीच बघायचे. पन्नासच्या पन्नास वर्षं पाहिलेला तोच एक होता. त्याने काचेच्या ग्लासातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाला, "मला नाही माहीत."

खरं तर माहीत असलेलं सांगायला त्याला अंगात बळ लागलं असतं, आणि ते त्याच्यात कधीचं राहिलं नव्हतं.

भगवंतचा बाप कोकणातून येऊन कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात लागला, आणि मोठा झाल्यावर भगवंतही त्याच दुकानात माल पाठवायच्या कामाला लागला. निर्वासितांच्या जुन्या बराकींच्या मागे एक उघडं मैदान होतं. तिथे चौदा वर्षांचा असल्यापासून तो खेळला. पंचवीस वर्षांचा असताना एका उपांत्य सामन्यात समोरच्याची मांडी धरायला झेपावला आणि दोघंजण त्याच्या गुडघ्यावर पडले. त्या दिवसापासून खेळ संपला. तेव्हा मैदानाच्या कडेला टेबल टाकून तो गुण लिहायला बसला, आणि त्या टेबलावरून त्याने आनंदाला पाहिलं.

आनंदा जगदाळे साताऱ्याकडचा. बाप लवकर गेला. आई, बनूबाई, चार घरची धुणीभांडी करून पोराला वाढवत होती. पोरगं काडीपैलवान, पण चढाईला निघालं की मैदान गप्प व्हायचं. तो पळायचा नाही, चालत गेल्यासारखा जायचा. मधल्या रेषेपाशी परत येताना तीन गडी मागे पडलेले असायचे आणि हा टेबलाकडे बघून हळूच दोन बोटं किंवा तीन बोटं दाखवायचा, म्हणजे दादा, एवढे लिहा. सिंधी दुकानदार दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून त्याची चढाई बघायला यायचे. शेठ स्वतः भगवंतला म्हणायचा, "साईं, ये लडका सोना है. संभालो."

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी पोरं सरावाला गेली तर मैदानाभोवती पत्रे ठोकलेले. पाठोपाठ इमारतीचं काम सुरू झालं. विचारायला गेले त्यांना कागद दाखवण्यात आले. भगवंत तेव्हा सचिव होता. चार महिने तो मैदानासाठी वणवण फिरला. पोरं गल्लीत सराव करायची, कोपरं फुटायची. दोघं-तिघं दुसऱ्या मंडळात गेलेही. आणखी दोन महिने असेच गेले असते तर उगवती संपली असती.

मग कोणीतरी त्याला अंबरनाथला प्रधानसाहेबांकडे नेलं. कंपनीचं मैदान होतं, मोठं, कुंपणाचं. प्रधानसाहेबांनी चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "मैदान देतो. सकाळ-संध्याकाळ तुमचंच. पण आमच्या कंपनीच्या संघाला चढाई करणारा नाही. तुमचा तो जगदाळे आम्हाला द्या. परमनंट घेतो त्याला."

दुकानाच्या गोडाऊनमध्ये, पॉलिशच्या वासात, पाच जणांची कमिटी बसली. चार हात वर गेले. भगवंतने पाचवा केला आणि तिथेच ना-हरकत दाखल्यावर सही करून कागद दुकानातल्या आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी आनंदा दुकानात आला. बराच वेळ एका टीपॉयवरून हात फिरवत उभा राहिला.

"दादा, एक विचारायचं होतं."

"बोल."

"अंबरनाथच्या कंपनीत घेतायत. परमनंट. पण खेळायचं त्यांच्याकडून." त्याची मान वर होत नव्हती. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही जात."

त्या क्षणी भगवंतला सगळं सांगता आलं असतं. निदान गप्प तरी राहता आलं असतं. पण त्याने दोन्ही केलं नाही. त्याने मोठ्या भावासारखा आनंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा. आईनं किती दिवस लोकांची भांडी घासायची?" मग ड्रॉवर उघडून, आत्ताच सही करतोय अशा बेताने, पाठ वळवून कागदावर तारीख तेवढी टाकली. आनंदा रडला. वाकून पाया पडला. भगवंतने त्याला उठवलं.

कमिटीतल्या एकाने विचारलं, लोकांना काय सांगायचं? कॅम्प चारचे लोक आधीच संघ चालला म्हणून पेटलेले. वर आनंदाला आपणच देऊन टाकला असं कळलं असतं तर गोडाऊन फोडलं असतं. भगवंत म्हणाला, "सांगा, नोकरी मिळाली, तो गेला. लोकांना असंच सांगावं लागतं."

आणि तेच झालं. पुढच्या वर्षी एका स्पर्धेत कंपनीचा संघ उगवतीसमोर आला. कॅम्प चारची माणसं दोन टेम्पो भरून आली होती, आपल्या संघासाठी नव्हे, आनंदाला शिव्या द्यायला. पळपुटा, पळपुटा. कोणीतरी चप्पल काढून दाखवली. आनंदाने त्या दिवशी बारा गुण घेतले आणि एकदाही टेबलाकडे बघितलं नाही. टेबलावर भगवंतच होता, सचिव झाला तरी गुण तोच लिहायचा. आठवड्याने नळावर बनूबाईंनी त्याला गाठलं. "बाया मला बोलत्यात रं भगवंता. माज्या पोरानं असं कसं केलं?" तो म्हणाला, "नोकरी लागली ना मावशी. चांगलंच झालं की." बनूबाईंनी मान डोलावली. त्या गेल्या त्यालाही आता वीस वर्षं झाली होती.

भगवंत पुढे बेलवलीत मुलीच्या फ्लॅटशेजारी राहायला आला. आनंदा कॅम्प चारमध्येच राहिला. कंपनी बंद पडल्यावर तो तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये लोखंडी कपाटांना स्प्रेने रंग मारायला लागला. दोघांची गाठ लग्नात, मयताला पडायची, तेवढीच.

तर त्या रविवारी टपरीवर वाद चालू असताना समीर मोटरसायकलवरून आला. समीर हल्लीचा सचिव. ठाण्याला एका ऑफिसात कामाला, चुणचुणीत पोरगा. अनीशने त्याला धरलंच.

"सोनूला का सोडलं?"

"सोडलं नाही रे, तो गेला. त्यालाच जायचं होतं. ग्रुपवर टाकलंय ना मी."

ग्रुपवर टाकलं होतं हे खरं. त्याखाली दीडशे लोकांनी सोनूला काय काय म्हटलं होतं तेही भगवंतने वाचलं होतं. गद्दार हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. आणि कॅम्प चारच्या कोणा म्हाताऱ्याने लिहिलं होतं, ‘दुसरा आनंदा निघाला. उगवतीच्या नशिबातच पळपुटे.’ सोनू त्याच संध्याकाळी ग्रुपमधून बाहेर पडला होता.

भगवंतने समीरला बाजूला बोलावलं. उठणं जमत नव्हतं, म्हणून बाकाच्या टोकाला सरकून जागा केली.

"सोनू खरंच स्वतःहून गेला?"

समीरने इकडेतिकडे बघितलं. "काका, तुम्ही सचिव होतात, तुम्हाला काय सांगायचं. तो नाहीच म्हणत होता. पण आपल्याला कोपरा पाहिजे होता. आता लोकांना असंच सांगावं लागतं ना."

भगवंतने समोरच्या मैदानाकडे बघितलं. विनीत मॅटवर एकटाच घोट्याच्या पकडीचा सराव करत होता. भगवंतला राग आला नाही. राग यायला पोरगं काही वेगळं करत नव्हतं. पण त्याला एकदम असं वाटलं, की हे ओझं आता आपल्याच्याने पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नेववणार नाही.

"प्रधानसाहेब," तो जरा मोठ्याने म्हणाला, "आनंदा जगदाळे स्वतः गेला नव्हता. आपण त्याला मैदानाच्या बदल्यात घेतला-दिला. तुम्ही मागितला, मी सही केली. त्यानं विचारायच्या आदल्या दिवशी."

काशीताईने स्टोव्ह बारीक केला. भगवंतने सगळं सांगितलं, गोडाऊन, पाच हात, ड्रॉवर, तारीख. सांगताना त्याचा आवाज माल कुठल्या गाडीने पाठवला ते सांगताना असायचा तसाच होता.

प्रधानसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "असेल," ते म्हणाले. "मला आठवत नाही बुवा. तेव्हा रोज पाच-पन्नास कागद जायचे हाताखालून." ते खोटं बोलत नव्हते. भगवंतला त्याचंच वाईट वाटलं. बत्तीस वर्षं दर रविवारी तो या माणसाशेजारी बसून समजत होता, की हे आपल्यासारखंच गप्प राहतात. ते विसरून गेले होते.

समीरची मान खाली होती. अनीश मात्र पुढे झुकला होता.

"काका, मग तो ट्रेड बरोबर होता की चूक? म्हणजे मैदान नसतं तर संघच नसता ना?"

"मी ते सांगत नाहीये रे," भगवंत म्हणाला.

पण तोवर प्रधानसाहेब म्हणाले होते, "अर्थात बरोबर," आणि कोणीतरी म्हणालं, "आनंदा असता तर तीन फायनल हरलो नसतो," आणि वाद सुरू झाला होता.

भगवंत तिथून रिक्षाने थेट उल्हासनगरला गेला. टपरीवरची गोष्ट दुपारपर्यंत कॅम्प चारला पोचणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आनंदाने ती दुसऱ्याकडून ऐकू नये एवढंच त्याच्या मनात होतं. आनंदा घरीच होता. नखांच्या कडांना निळा रंग चिकटलेला. त्याने खुर्ची दिली, पायाखाली घ्यायला स्टूल सरकवलं. इतक्या वर्षांनी दारात आल्याचं आश्चर्य त्याने दाखवलं नाही.

भगवंतने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सांगायला वेळ लागला. शेवटी म्हणाला, "लोक तुला बोलले ते माझं होतं, आनंदा. तुझी काही चूक नव्हती."

आनंदा नखावरचा रंग खरवडत राहिला.

"म्हणजे मी गेलोच नाही," तो म्हणाला. "मला पाठवलं."

"हो."

"तुम्हाला काय वाटलं, हे ऐकून मला हलकं वाटेल?"

भगवंतला तसंच वाटलं होतं.

"लोकांनी शिव्या घातल्या, घातल्या. आई झुरली. पण उगवती मी सोडली होती. पोराबाळांना मी सांगत आलो, आईसाठी मी संघावर पाणी सोडलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतः ठरवून केली, बाकी सगळं होत गेलं. तीच एक माझी होती." त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि तुम्ही आज येऊन सांगता, की तीसुद्धा तुमचीच."

आतून त्याची बायको माधवी चहा घेऊन आली. दोघांनी तो प्यायला. कप खाली ठेवून आनंदा म्हणाला, "या आता, साळवी."

दादा नाही, साळवी. भगवंत स्टुलावरून पाय खाली घेऊन उठला. उठायला वेळ लागला. आनंदाने हात पुढे केला नाही, पण तो नीट उभा राहीपर्यंत दारातून हललाही नाही.

घरी आल्यावर कुंदाने त्याचा चेहरा बघितला आणि जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं. त्याला कुठं व्हायचं होतं?" मग जरा थांबून, "पण सोनूचं तरी निस्तरा. तो अजून पोरगा आहे."

ते मात्र त्याने केलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ग्रुपवर लिहिलं, ‘सोनू स्वतः गेलेला नाही. मंडळाने त्याला दिले. त्याला बोलू नये. भगवंत साळवी, माजी सचिव.’ समीरने ते काढून टाकलं नाही. दोन दिवसांनी त्याने स्वतः खाली लिहिलं, ‘काका म्हणतात ते खरे आहे.’ मग दीडशे लोकांनी समीरला शिव्या घातल्या, आणि चौथ्या दिवशी थकून गप्प बसले. सोनूचं काही उत्तर आलं नाही. अनीश म्हणाला, त्याने ते वाचलंय.

कॅम्प चारमध्ये आनंदाला आता कोणी पळपुटा म्हणत नव्हतं. बिचारा म्हणत होते. अनीशने तर ग्रुपवर मतदान घेतलं, ‘त्र्याण्णवची अदलाबदल: फायदा कोणाला?’ भगवंतने ते न उघडता फोन पालथा ठेवला.

त्यानंतर दहाएक दिवसांनी आनंदाचा फोन आला. दुपारची वेळ. मागे कंप्रेसरचा आवाज चालू होता.

"ते मतदान बघितलं. पोराने दाखवलं," आनंदा म्हणाला. "त्रेसष्ट लोक म्हणतात, मैदान जास्त मोलाचं होतं."

"त्यांनी तुझा खेळ बघितलेला नाही."

"ते सोडा." कंप्रेसर बंद झाला. "मला एक सांगा. माझ्या बदल्यात नुसतं मैदान घेतलंत? आणखी काहीच मागितलं नाहीत?"

भगवंतने आठवून बघितलं. "एक नळ घेतला होता," तो म्हणाला. "मैदानाच्या कोपऱ्यात. पोरांना पाय धुवायला."

पलीकडे रंगाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पाणी यायचं त्याला?"

"सकाळचं यायचं. संध्याकाळी नाही."

"माझ्यासारखा माणूस दिलात," आनंदा म्हणाला, "आणि पाणी एकाच वेळचं." त्याने फोन ठेवला. तो हसला होता की काय, हे भगवंतला शेवटपर्यंत कळलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आनंदा बेलवलीला आला. कोणी बोलावलं नव्हतं. तो भगवंतच्या बाकावर बसला नाही, पलीकडच्या बाकावर, अर्धी पाठ करून बसला. काशीताईने दिलेला चहा घेतला. मॅटवर सराव चालला होता, तो बघत राहिला. थोड्या वेळाने अनीश भीत भीत त्याच्याजवळ गेला आणि विचारलं, सोनूला द्यायला पाहिजे होतं का?

"नाही," आनंदा म्हणाला. "चढाई करणारा पुन्हा मिळत नाही. कोपरा घडवता येतो. पण आता हा घेतलाय ना, तर त्याला शिकवा. तो बघ, उशिरा वाकतोय. गडी निघून गेल्यावर वाकतोय."

"हेच मी म्हणतो," भगवंत आपल्या जागेवरून म्हणाला.

आनंदाने वळून बघितलं नाही. पण तो पुढे बोलत राहिला, जरा मोठ्याने, दोन्ही बाकांवर ऐकू जाईल इतपत.